वय झालं म्हणून दात जात नाहीत

साठी ओलांडलेला माणूस माझ्या खुर्चीत बसला की तोंड उघडण्याआधीच निकाल देऊन मोकळा होतो. "वय झालं आता. हलतोय ना, मग काढून टाक बेटा. कशाला त्याच्यावर खर्च?" आवाजात तक्रार नसते. केस पिकले, चष्मा लागला, गुडघे धरले, तसे दातही जायचेच, असा सरळ हिशेब. सोबत आलेली सून नाहीतर मुलगाही मान डोलावतो. इंदूरच्या रामबागेत दातांचा दवाखाना थाटल्यापासून मी या हिशेबाशी भांडते आहे. दात वयाने जात नाहीत. ते आजाराने जातात, आणि तो आजार वेळेत धरला तर बहुतेकांच्या बाबतीत थांबतो. ऐंशीच्या घरात असून स्वतःच्या दातांनी भाकरीची कड खाणारी माणसं माझ्याकडे येतात. त्यांना कुणी वर दिलेला नाही. त्यांच्या तोंडाची निगा राखली गेली, एवढंच.

हे इंदूर आहे म्हणून मला या गोष्टीची जास्तच कळकळ. होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेली आपली घरं इथल्या खाण्यात पुरती मुरली आहेत. सकाळी पोहे-जिलबी, जेवताना वरणावरसुद्धा शेव, थंडीत जीरावन मसाला भुरभुरलेला तळलेला गराडू कंद, आणि रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की सराफ्यातला खाऊबाजार. दात जायला लागले की हे सगळं एका दिवसात सुटत नाही, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. आधी शेव सुटते, 'बाधते' म्हणून. मग गराडू. मग पेरू, काकडी, भिजवलेले हरभरे. शेवटी ताटात मऊ भात, खिचडी आणि चहात बुडवलेली बिस्किटं उरतात. सराफ्यात गेलंच तर भुट्ट्याचा कीस, कारण तो दुधात शिजून मऊ झालेला असतो. मधुमेह असलेल्या माणसाचं ताट असं मऊ होत गेलं की साखर का चढते याचं उत्तर घरचे गोळ्यांच्या मात्रेत शोधत बसतात. चावता येत नाही म्हणून कोशिंबीर आणि उसळ बंद झाली आहे, हे फॅमिली डॉक्टरांना कुणी सांगतच नाही.

मोठ्यांचे दात ज्या आजाराने पुष्कळदा जातात त्याला आपल्याकडे पायरिया म्हणतात. तो कसा चालतो हे एकदा नीट समजून घ्या, कारण तो दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी आपण दवाखान्याची पायरी चढत नाही.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. निरोगी तोंडात ती एक ते तीन मिलिमीटर खोल. त्या फटीच्या काठाशी रोज एक चिकट, पांढुरका थर साचतो. त्यात नुसतं अन्न नसतं, जंतूंची वस्ती असते. ब्रश नीट फिरला तर तो निघतो. राहिला तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत कडक व्हायला लागतो, आणि एकदा त्याचं टार्टर झालं की ब्रशला दाद देत नाही. त्या खरखरीत थरावर आणखी जंतू बसतात. शरीर त्यांच्याशी झुंजतं, हिरडी सुजते, लालबुंद होते आणि ब्रश लागताच रक्त येतं. या टप्प्यावर सगळं पूर्ववत होऊ शकतं. पण रक्त दिसलं की माणूस त्या बाजूला ब्रश लावायचंच सोडतो, किंवा बोटाने मंजन फिरवून भागवतो. म्हणजे सफाईची गरज जिथे सर्वांत जास्त, नेमकी तिथेच ती थांबते. मग सूज खाली उतरते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. खुंट्याभोवतीची माती वाहून गेली की खुंटा डुगडुगतो, तसा दात हलायला लागतो. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. उरलेलं राखता येतं.

मधुमेह आणि पायरिया एकमेकांना खतपाणी घालतात. साखर ताब्यात नसेल तर हिरडीची सूज लवकर चिघळते, आणि हिरडीत सतत सूज राहिली की साखर ताब्यात ठेवणं अवघड जातं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं तर आणखी फसवं. तंबाखूमुळे हिरडीचा रक्तपुरवठा मंदावतो, त्यामुळे आत हाड झिजत असूनही रक्त येत नाही. रक्त न येणारी हिरडी पाहून ते निर्धास्त असतात. अशा माणसाचा एक्स-रे पाहताना मला फार वाईट वाटतं, कारण त्याला सावध करणारी एकुलती एक खूणसुद्धा त्याच्यापासून लपवलेली असते.

आता सफाईची गोष्ट. आपल्या घरांत पक्का बसलेला समज असा, की दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात. मी हा समज उडवून लावत नाही, कारण माणसाला खरंच तसं जाणवतं. पण का जाणवतं ते ऐका. वर्षानुवर्षांचं टार्टर खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला भिंतीसारखं उभं राहिलेलं असतं. दातांमधल्या फटी त्याने बुजवलेल्या असतात. हाड आधीच गेलेलं असतं आणि हलणारे दात त्या टार्टरने एकमेकांना जखडलेले असतात. ते काढलं की जिभेला फटी लागतात, मुळं उघडी पडलेली असल्याने थंड पाणी झोंबतं, आणि दात खरे किती हलतात ते कळतं. मशीनच्या टोकाची बारीक थरथर आणि पाण्याचा फवारा टार्टर सुटं करतो, चांगला दात त्याने खिळखिळा होत नाही. झोंबणं बहुधा काही दिवसांत कमी होतं. दात-हिरडीमधली फट चार-पाच मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तर हिरडीखाली मुळांची खोल सफाई करावी लागते, कधी हिरडीची छोटी शस्त्रक्रियाही. दात काढण्याआधी करून पाहण्यासारखं असं बरंच काही असतं.

दुसरा समज वरच्या दाढेचा. ती काढली की नजर जाते म्हणे. दाताची संवेदना वाहणारी नस वेगळी आणि दृष्टीची वेगळी. दाढ काढायची वेळ आणि चष्म्याचा नंबर वाढायची वेळ बऱ्याचदा एकाच वयात येते, तिथे गाठ पडली असावी. या भीतीपायी सडलेली दाढ तोंडात ठेवून महिनोन् महिने पू गिळत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

वयाने काहीच होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. वयाने दाताच्या आतली नसेची पोकळी अरुंद होत जाते, त्यामुळे तरुणपणी जी कीड रात्र रात्र झोपू देत नाही ती सत्तरीत अगदी मुकाट्याने खोल जाते. हिरड्या उतरून मुळं उघडी पडलेली असतात, आणि मुळावर दाताचं ते टणक कवच नसतं. ते कवच, म्हणजे एनॅमल, आपल्या शरीरातली सर्वांत कठीण वस्तू. मुळाचं आवरण त्यामानाने मऊ, सौम्य आम्लातही विरघळणारं. तिसरी गोष्ट लाळेची. रक्तदाब, ॲलर्जी, नैराश्य, लघवीच्या तक्रारी यांवरच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. लाळ ही आपल्या तोंडाची चोवीस तासांची राखण. ती आम्ल धुते, दाताला क्षार परत देते. ती आटली की वर्षभरात हिरडीच्या काठाने एकामागोमाग दात किडतात. असं तोंड घेऊन कुणी आलं की मी आधी औषधांची चिठ्ठी मागते. गोळ्या मनाने बंद करायच्या नसतात, पण ज्यांनी दिल्या त्यांना विचारून कधी बदलता येतात. तोंड कोरडं म्हणून दिवसभर खडीसाखर किंवा लिमलेटच्या गोळ्या चघळणं मात्र आगीत तेल ओतण्यासारखं आहे. पाण्याचे घोट घ्या, बिनसाखरेचं च्युइंगगम चघळा.

साखरेच्या बाबतीत आम्हा दंतवैद्यांना जे पक्कं ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं स्वीडनमधून आलं, आणि ते कसं आलं हे सांगताना मला जड जातं. १९४०च्या दशकात तिथल्या विपेहोल्म या संस्थेत मतिमंद रुग्णांना त्यांच्या संमतीचा प्रश्नही मनात न आणता मुद्दाम दाताला चिकटणाऱ्या टॉफ्या खायला दिल्या गेल्या. त्यांचे दात किडले. निष्कर्ष असा निघाला, की जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने फारसं बिघडत नाही. जेवणांच्या मध्ये, पुन्हा पुन्हा, चिकट रूपात खाल्लेल्या साखरेने कीड झपाट्याने वाढते. ज्या माणसांच्या जिवावर हे ज्ञान मिळालं त्यांचं ऋण आपण निदान ते वापरून मानावं. त्याच दशकात अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी मोजून दाखवलं, की गोड तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातावरच्या थरात आम्ल तयार होतं आणि ते निवळायला अर्धा-पाऊण तास लागतो. पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त; तो साधारण ५.५च्या खाली गेला की एनॅमलमधले क्षार विरघळायला लागतात.

सराफ्याचा फेरफटका या हिशेबात बसवून बघा. नऊला जिलबी, सव्वानऊला रबडी, पावणेदहाला शिकंजी, मग मावाबाटी, घरी जाताना गोड पान. प्रत्येक वेळी आम्ल निवळायला आलं की पुन्हा गोड. आणि घरी आल्यावर थकून तसंच झोपायचं, झोपेत लाळ आणखी कमी. सराफा सोडा असं इंदूरकराला सांगायला मी वेडी नाही. जे खायचं ते एका बैठकीत खा, वर साधं पाणी प्या, आणि कितीही उशीर झाला तरी ब्रश केल्याशिवाय गादीला पाठ लावू नका. दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा थोडा थोडा घोटत बसणारे तर सराफ्याला न जाताही हेच करत असतात.

ब्रशबद्दल थोडक्यात. मऊ दात्यांचा घ्या. दाते हिरडीच्या कडेला तिरके टेकवून हळू फिरवा, दोन मिनिटं, दोन वेळा. पेस्टमध्ये साधारण १००० पीपीएम फ्लोराइड आहे का ते ट्यूबवर वाचा. पेस्ट थुंका, पण नंतर खळाखळा चुळा भरू नका, थोडं फ्लोराइड दातावर राहू द्या. फ्लोराइड म्हटलं की धार-झाबुआकडून येणारे पेशंट दचकतात, आणि त्यांचं दचकणं रास्त आहे. तिकडच्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, आणि लहानपणापासून ते पाणी पोटात गेल्याने मुलांच्या पक्क्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. ते डाग घासून जात नाहीत. अशा मुलींना शाळेत 'दात घासत जा' म्हणून ऐकवलं जातं आणि त्या हसताना तोंडावर हात धरायला शिकतात. या डागांवर उपचार आहेत, आणि त्यांच्या स्वच्छतेचा त्या डागांशी काही संबंध नाही. पेस्टमधलं फ्लोराइड दातावर काम करतं, गिळायचं नसतं, एवढा फरक ध्यानात ठेवला की पुरे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट बास.

मुलांवरून आठवलं, कारण म्हातारपणीच्या पुष्कळ दातांचा निकाल सहाव्या वर्षी लागतो. त्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पडता, एक नवी दाढ उगवते. काही पडलं नाही म्हणून आईवडील तिला दुधाचीच समजतात. ती पक्की असते, जन्मभराची. तिच्या खोल खाचांत गोड अडकतं, मुलाचा ब्रश तिथवर पोहोचत नाही, आणि दहाव्या वर्षी मूल गाल धरून येतं. "पडणारच आहे ना डॉक्टर?" असं आई विचारते तेव्हा सांगताना माझी जीभ अडखळते. ही दाढ उगवल्यावर तिच्या खाचा सीलंटने, म्हणजे खाचांत बसणाऱ्या पातळ लेपाने, बुजवून घ्या. सुई नाही, मशीन नाही, काही मिनिटांचं काम. ज्या दाढेवर माणूस पुढची साठ-सत्तर वर्षं जेवणार असतो ती एवढ्याने वाचते.

कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडली की रूट कॅनॉल. या नावाला लोक इतके का घाबरतात ते मला कळतं. त्यांच्या आधीच्या पिढीने दात उपटण्याचं दुखणं सोसलेलं असतं आणि ते घरात सांगितलं गेलेलं असतं. पण १९४३ मध्ये, पुन्हा स्वीडनमध्येच, निल्स लोफग्रेन यांनी जागा बधिर करणारं लिग्नोकेन तयार केलं, आणि त्या औषधाने आमच्या खुर्चीचा चेहरा बदलला. इंजेक्शन नीट लागलं की दाब कळतो, दुखत नाही. दुखलं तर हात वर करा, मी थांबते, हे मी आधीच सांगून ठेवते.

आत काय चालतं ते सांगते. दाताभोवती एक पातळ रबराचा पडदा ताणून बसवते, म्हणजे लाळ आत येत नाही आणि औषध घशात उतरत नाही. दाढेच्या माथ्यावर छोटं दार करून आतली मेलेली किंवा सुजलेली नस काढायची. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन नळ्या असतात, कधी चार. त्यांची तोंडं शोधणं हेच निम्मं काम. केसासारख्या बारीक फाइलने नळी चाचपत उतरताना बोटांना कळतं, इथे अडतंय, इथे वळण आहे. फाइलला जोडलेलं यंत्र मुळाचं टोक आलं की टिकटिकतं. मधूनमधून सोडियम हायपोक्लोराइटने नळी धुवायची. त्याचा ब्लीचसारखा वास पेशंटच्या लक्षात येतो. शेवटी कोरडी झालेली नळी गटापर्चाने भरायची, तो एका झाडाचा चीक, या कामासाठी दुसरं काही त्याची जागा अजून पुरती घेऊ शकलेलं नाही. हे सगळं होताना बऱ्याच जणांना डुलकी लागते. खरंच लागते.

घोटाळा नंतर होतो. पहिल्या बैठकीत ठणका थांबला की माणूस पुढच्या बैठकीला येत नाही. तात्पुरतं सिमेंट झिजतं, लाळ आत शिरते आणि सगळं पुन्हा नासतं. किंवा रूट कॅनॉल पुरतं होतं पण कॅप राहते. आतून पोकळ झालेली दाढ दिवाळीच्या चकलीवर उभी चिरते, मग काढण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि घरोघरी निरोप जातो की रूट कॅनॉल टिकत नाही. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून दुखणं दाबणाऱ्यांचंही असंच. ठणका थांबतो, कारण नस मेलेली असते. जंतू मुळाच्या टोकाशी हाड पोखरत बसलेले असतात. आणि कृपा करून दुखीची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका. गोळीने तिथली कातडी भाजते आणि मला एकाऐवजी दोन दुखणी बरी करावी लागतात.

सुपारीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आपल्या घरात तिला कुणी व्यसन मानत नाही. पानाच्या तबकात अडकित्ता असतो, जेवणानंतर खांड तोंडात टाकलं जातं, हळदीकुंकवाला ती ओटीत येते. तंबाखू नसलेली साधी सुपारीसुद्धा तोंडाच्या आतली त्वचा हळूहळू राठ करते. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं ते पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांच्या तोंडात पाहून. मायदेशापासून इतक्या दूर जाऊनही त्यांनी सोबत नेलेली एक सवय त्यांच्या गालांत दिसत होती. आधी तिखट झोंबतं, मग गाल आतून पांढरट आणि ताठ होतात, आणि तोंड उघडेनासं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीला थेट कर्करोगकारक ठरवलं आहे. मध्य प्रदेशात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पानमसाल्याची आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी घेऊन हातावर एकत्र करणारी विशीतली मुलं माझ्याकडे येतात. आरशासमोर उभं राहून आपली तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील तर आजच दाखवा. तोंडात दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, लाल किंवा पांढरा चट्टा असेल तरीही. एमवाय, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयाजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, तिथे तपासायला खर्चाची अडचणही फार येत नाही.

आणि दात गेलेच असतील तर? तर कवळी, आणि कवळीविषयी मला मनापासून आदर आहे. ती करताना आम्ही माणसाचा चेहरा पुन्हा उभा करत असतो. आधी मापं. त्या मापाच्या मसाल्याला लवंगेच्या तेलाचा वास असतो, जुन्या बायकांना तो ओळखीचा वाटतो. मग मेणाच्या पट्ट्या घालून वरचा-खालचा जबडा किती अंतरावर मिटतो ते ठरवायचं. त्यासाठी मी त्यांना बोलायला लावते. 'व' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकेच टेकली पाहिजे. साठपासून सत्तरपर्यंत मोजताना वरचे-खालचे दात एकमेकांवर आपटता कामा नयेत. मग मेणात दात लावून पेशंटच्या हातात आरसा.

एका आजींनी त्या आरशात बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहेत गं, पण इतके सरळ दात माझे कधीच नव्हते." दुसऱ्या दिवशी लग्नातला फोटो घेऊन आल्या. डावीकडचा समोरचा दात किंचित आत वळलेला. मी सुरी तापवून मेण मऊ केलं, तो दात तसाच वळवला आणि पुन्हा घालून दाखवला. त्यांनी ओठ मिटले, उघडले, मग मान हलवली. "हं. आता मीच." त्या कवळीने त्यांना चावायला शिकायला बरेच दिवस लागले, सगळ्यांनाच लागतात. नव्या कवळीने आधी मऊ, बारीक तुकडे, आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं, नाहीतर ती एका बाजूला उचलली जाते. टोचलं तर घरी कानशीने घासू नका, घेऊन या. कवळीचा जोर मूळ दातांच्या फार तर चौथाई. खालची कवळी जास्त त्रास देते, कारण तिथे जीभ तिला ढकलते आणि खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा वेगाने झिजत जातं. म्हणून काही वर्षांनी आतून नवा थर द्यावा लागतो. एखादी सैल कवळी दहा वर्षं ओढत राहण्यात काटकसर नाही. रात्री ती काढून पाण्यात ठेवायची, नाहीतर टाळूवर बुरशी धरते. धुताना खाली पाण्याचं भांडं ठेवा, हातातून निसटली तरी फुटणार नाही. उकळतं पाणी नको, ती वाकते.

इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा खुंटा, हा त्यापुढचा पर्याय. स्वीडनच्याच ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं की टायटॅनियम हाडात पक्कं रुजतं, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात ते बसवलं. खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट घालून त्यांवर कवळी अडकवली तरी जेवणात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. खर्च मोठा आहे, सगळ्यांना जमणार नाही, आणि हाड व साखर दोन्ही बघूनच ते करायचं असतं.

दात काढायला जाताना एक गोष्ट विसरू नका. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. काढताना येणारं रक्त आम्ही थांबवू शकतो, गोळी बंद केल्याने आलेला झटका नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते आधी सांगा, कारण त्यात जबड्याची जखम कधी कधी भरत नाही. आजी-आजोबांना हे प्रश्न कुणी विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत. सोबत जाणाऱ्याने सगळ्या गोळ्यांची पिशवीच घेऊन जावी.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं तोंड तर घरात सर्वांत शेवटी आठवतं. अंग पुसलं जातं, चादर बदलली जाते, केस विंचरले जातात. तोंडातले जंतू मात्र श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया करू शकतात, आणि अशा माणसाला तो झेपत नाही. पाठीशी उशा देऊन त्यांना जमेल तितकं बसतं करा, मान किंचित पुढे. लहान मुलांचा मऊ ब्रश, पेस्ट नावापुरती, पाणी अगदी थोडं. गाल बोटाने हलकेच बाजूला धरून एकेक बाजू घासा. थुंकता येत नसेल तर ओल्या गॉजने पुसून घ्या, जिभेवरूनही फिरवा, आणि ओठांना थोडं व्हॅसलिन. दिवसातून एकदाच जमणार असेल तर रात्री करा, शेवटचं खाणं आणि औषध देऊन झाल्यावर.